चौदाव्या गणिताचं उत्तर

"या महिन्यातही एकही पत्र नाही?" हेरंब बेडेकरसरांनी फोनवर विचारलं.

"नाही सर," प्रकाशकांच्या कार्यालयातली मृण्मयी म्हणाली. "आता पुस्तकं मुलांच्या टेबलावरच स्वतःला दुरुस्त करून घेतात. मग कोण कशाला लिहील?"

सरांनी लिहिलेल्या, पुलांच्या तुळयांविषयीच्या पाठ्यपुस्तकात चौदाव्या गणिताचं उत्तर पहिल्या आवृत्तीपासून चुकीचं होतं. तुळई तेहतीस मिलिमीटर वाकते, पण सरांनी मुद्दाम त्रेचाळीस छापलं होतं. ज्यांनी गणित खरोखर सोडवलं, तीच मुलं पत्र लिहायची. 'सर, तीनदा करून पाहिलं. चूक माझी की पुस्तकाची?' सर प्रत्येकाला कळवायचे, 'पुस्तकाची. शाबास!' परभणीच्या एका मुलीची पत्रं तर त्यानंतर आठ वर्षं येत राहिली, तिचा पहिला पूल उभा राहीपर्यंत.

फोन ठेवून सरांनी आपली प्रत उघडली. उत्तर तेहतीस होतं. पुस्तक त्यांचंच, म्हणून त्यांनी पेननं ते खोडून त्रेचाळीस केलं. शाई वाळायच्या आत पानावर पुन्हा तेहतीस आलं. त्यांनी हट्टानं परत लिहिलं, तेही गेलं.

मग समासात एक ओळ उमटली: 'चूक दुरुस्त केली आहे. कोणालाही कळवण्याची गरज नाही.'

सरांनी सवयीनं त्या ओळीखाली लिहिलं, 'शाबास!'

पुस्तकानं तेही पुसलं.