डावखुरा शिंपी

"निघाली लेखिका हुंदडायला!" पाय मोडून आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई रोज संध्याकाळी न चुकता टोमणा मारायच्या, आणि सूनही न चुकता चपला घालायची. बाजारापर्यंत एक फेरी मारायची, जे दिसेल ते सासूबाईंच्या उशाशी बसून वहीत पानभर लिहायचं, हा तिचा नेम. कुणी वाचो न वाचो. वही तिथेच औषधांच्या डब्याखाली राहायची.

काल मात्र ऑफिसातून येतानाच तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "येता येताच फेरी उरकली," असं तिने सासूबाईंना ठोकून दिलं. पण नेम म्हणजे नेम. कोपऱ्यावरच्या शिंप्याला आठवून तिने कसंबसं पान भरलं.

आज निघण्याआधी तिने वही उघडली. त्या पानाखाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं :

"गेल्या महिन्यात हा शिंपी डावखुरा होता. काल कात्री उजव्या हातात कशी आली? घरी बसून थापा मारू नकोस. आज नीट बघून ये. पाय माझा मोडलाय, तुझा नाही."