पुढचा भाग

जागृतीनं टीव्हीचा आवाज बंद केला, खाटेजवळ स्टूल ओढलं आणि इअरफोनचं एक टोक सासऱ्यांच्या कानात बसवलं. दुसरं स्वतःच्या.

"मामाजी, स्वीटीनं नवीन गाणं पाठवलं. ऐका तं."

बापूराव ऐकू लागले. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि त्याच झटक्यात बोलणंही गेलं होतं. दिवाळीपासून ते या खोलीत पडून होते आणि समोर दिवसभर बातम्या. जागृतीचा नवरा रुपेश कामावर निघताना लावून जायचा. "बाबाले बातम्या लागतात," म्हणायचा. पडद्यावरच्या चौकटींतली माणसं एकमेकांवर ओरडायला लागली की बापूराव डोळे मिटून घ्यायचे. रुपेशला वाटायचं, झोप लागली.

ती झोप नव्हे, हे जागृतीला ठाऊक होतं. तीही दिवसभर त्याच खोलीत असायची. दिवाळीआधी ती पुलगावहून रोज गाडीनं वर्ध्याला जायची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. "बाबा सुधरले की जाजो परत," रुपेश म्हणाला होता, आणि तेव्हा ते तिलाही पटलं होतं. आता सकाळची गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज आला की ती मोरीत जाऊन नळ मोठा सोडायची.

लॅबमधली मैत्रीण स्वीटी तेवढी तिला विसरली नव्हती. तिचं रोज काहीतरी यायचं. हे गाणं ऐक, ही सिरीयल पाय, येडी होशील.

आजचं गाणं चंद्रपूरकडच्या कुण्या पोरीनं गिटारवर म्हटलेलं भीमगीत होतं. आवाज जरा बसका, पण थेट आत जाणारा. बापूरावांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवर हलायला लागलं. ताल चुकत होता, तरी बोट थांबत नव्हतं.

मग दोघांची सिरीयल. कोरियातली, हिंदीत बोलणारी. बंदरावर खानावळ चालवणारी एक म्हातारी. तरुणपणी घर सोडून गेलेली तिची बहीण इतक्या वर्षांनी तिथंच जेवायला येऊन बसते आणि म्हातारी ओळख दाखवत नाही. जागृतीनं ती स्वतःपुरती लावली होती. एकदा मान वर करून पाहिलं तर बापूरावही मान वाकडी करून मोबाईलकडे बघत होते. तेव्हापासून दोघं मिळून पाहायचे.

आज म्हातारीनं बहिणीसमोर वाडगा ठेवला, आणि भाग संपला.

"आता उद्या, मामाजी," जागृतीनं इअरफोन काढला. "भाजी टाकायची हाय."

ती उठणार तोच बापूरावांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. गळ्यात घरघर झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"प… पु…"

"पाणी पायजे?"

"पुढं."

जागृती उठून त्यांच्या तोंडाशी वाकली. "काय मनलं, मामाजी?"

"पुढं," बापूराव म्हणाले आणि त्यांनी मोबाईलकडे डोळे वळवले.

ती हसली, मग स्टुलावर बसून रडली, आणि रडता रडताच तिनं पुढचा भाग लावला.

संध्याकाळी रुपेश आला तेव्हा ती दारातच उभी होती. तिनं सांगताच तो बुटांसकट खोलीत धावला. "बाबा, मले ओळखलं? माह्यं नाव सांगा. रु… रुपेश."

बापूरावांनी त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "पुढं," ते म्हणाले.

तेवढ्यावर रुपेशनं वडलांच्या छातीवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. मग त्यानं सिंदीच्या आत्याला फोन लावला. "आत्या, बाबा बोल्ले! नाई, नाई, डॉक्टरनं काय केलं? सारं जागृतीचं हाय. माणूस इतकं नाई करत कोणासाठी."

त्यानं फोन ठेवल्यावर जागृती म्हणाली, "मंग मी लॅबमधी विचारू का? मॅडम जागा ठेवतो मनल्या होत्या. दिवसभराची एखादी बाई पाहू."

रुपेश रागावला नाही. त्यानं नवलानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मायाच होती.

"आता? आता तं ते बोलाले लागले, तुह्यामुळं. बाईच्या हातानं होईन का हे?" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता तं तू इथून हलूच नको."

तो रागावला असता तर बरं झालं असतं, जागृतीला वाटलं. ती खिडकीचा गज धरून बाहेर पाहत राहिली.

खाटेवरून आवाज आला. "जा…"

दोघंही वळले. बापूरावांच्या कपाळावर घाम आला होता. डावा हात चादरीवरून उठला होता.

"जाऊ… दे."

"ऐकलं?" रुपेश ओरडला. "अखीन शब्द बोल्ले!" मग तो वडलांजवळ बसला, त्यांचा उठलेला हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. "हो बाबा, जाऊ देतो. नाई वाद घालत तुमच्यापुढं. झाला विषय बंद."

बापूरावांनी मान हलवली. पुन्हा हलवली. त्यांचे डोळे जागृतीवर होते आणि ओठ अजून काहीतरी जुळवत होते.

"ति… ति…"

"बस बाबा, थकून जासान," रुपेश म्हणाला, आणि आपल्या खांद्यावरच्या गमछ्यानं त्यानं त्यांचं तोंड हळूच पुसून मिटवलं.