हनुवटीवरचा मास्क

"काम करताना मास्क लावता ना?" डॉक्टरबाईंनी सुताराला विचारलं.

"लावतो की. सकाळी चढवला की संध्याकाळीच उतरवतो."

"रोज मीच धुते," बायको मध्येच बोलली. "आणि आता तुमचा जिना चढताना तीनदा बसले हे."

"मग छातीत लाकडाची एवढी धूळ गेली कशी?"

"तेच तर कळत नाही. नाही म्हणायला, पॉलिशपेपर मारून झाला की मास्क तेवढा हनुवटीवर घेतो. फुंकर मारून फळीवरची धूळ उडवली की लगेच वर."

"बरं. या नळीत तशीच फुंकर मारा."

सुतार फळीवर वाकावं तसा नळीवर वाकला आणि सवयीप्रमाणे आधी छाती भरून श्वास आत घेतला.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कळलं कशी गेली ते."