कुंपणालगतचा गुलाब

"पाकळीच्या बुडाशी पांढरं असतं ना, तेवढं कापून टाक. कडू लागतं ते," असं म्हणत नेर्मिन आंटींनी उपासनाच्या हाती कात्री दिली.

ओट्यावर मोठ्या भांड्यात गुलाबाच्या पाकळ्यांचा ढीग होता. झाडावर उरलेली सगळी फुलं आंटींनी सकाळीच उतरवली होती. सोमवारी माणसं येऊन झाड मुळासकट काढणार होती. कॉलनीच्या एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचं, पत्र फ्रिजवर लावलेलं होतं. झाड कुंपणाच्या वर गेलं आहे, मधमाश्यांचा त्रास होतो, दोन आठवड्यांत काढावं.

उपासना पत्राकडे पाठ करून उभी राहिली.

आंटी मूळच्या तुर्कस्तानच्या, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. अमेरिकेत, फ्रिस्को शहरातल्या या घरात एकट्याच राहत. दर एप्रिलला गुलाब फुलला की त्या सरबत करत आणि एक थंड बाटली कुंपणावरून शेजारी उपासनाकडे येई. पुढे जूनमध्ये आंबट चेरीचं येई, मग जांभळ्या तुळशीचं. पहिल्यांदा त्या 'शेरबेत' म्हणाल्या तेव्हा उपासनाला गंमत वाटली होती. नागपूरला आई उन्हाळाभर करायची ते सरबत, आणि हे शेरबेत.

"आता साखर. मग लिंबू. आणि चोळ. कणीक मळतेस तसं."

उपासनाने हात घातले. पाकळ्या चुरगळल्या, मऊ पडल्या, त्यांना पाणी सुटलं. लिंबाचा रस पडताच रंग एकदम उजळला.

"बघ, आला रंग. यंदा म्हटलं तुला शिकवून ठेवावं. पुढच्या वर्षी फुलं कुठून आणायची ते तू बघ. नवं झाड लावून त्याची वाट बघायचं माझं वय नाही."

उपासनाचे हात थांबले.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या पाच वर्षांच्या अनयाला कुंपणापाशी खेळताना डोळ्याखाली मधमाशी चावली होती. चेहरा इतका सुजला की अर्जंट केअरला पळावं लागलं. घरी येताच उपासनाने लॅपटॉप उघडला. "यार, शेजारी आहेत त्या. जाऊन बोल ना," नवरा धम्मदीप म्हणाला होता. "ऑकवर्ड होतं रे," ती म्हणाली आणि एचओएकडे तक्रार लिहिली. फॉर्मच्या शेवटी विचारलं होतं, नाव गुप्त ठेवायचं का. तिने 'हो'वर क्लिक केलं. त्याच संध्याकाळी आंटी बर्फ आणि कसलंसं मलम घेऊन दारात उभ्या होत्या. तेव्हाही ती काही बोलली नाही.

"आंटी, ती तक्रार मी केली होती."

आंटींनी तिच्याकडे पाहिलं. मग भांडं आपल्याकडे ओढलं आणि स्वतः चोळू लागल्या.

"परवा मी त्यांना मेल केला," उपासना घाईने म्हणाली. "तक्रार कॅन्सल करा म्हणून. ते म्हणतात, आता तो नियमाचा प्रश्न आहे."

आंटी चोळत राहिल्या. पाकळ्यांचा पार लगदा झाला तरी त्यांचे हात थांबेनात.

"मी ऑफिसला नाव विचारलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हटलं, कळलं तर त्या घराशी बोलणं व्हायचं नाही." मग त्या म्हणाल्या, "तू नुसतं सांगितलं असतंस तरी मी झाड कापलं असतं. पोरीचा चेहरा मी पाहिला होता."

"सॉरी आंटी."

आंटींनी लगद्यावर पाणी ओतून भांडं झाकून ठेवलं, हात धुतले. मग फ्रिज उघडून मागच्या आठवड्यात केलेल्या सरबताची बाटली काढली, फडक्याने पुसली आणि उपासनापुढे धरली.

उपासनाने हात पुढे केला नाही. "नको आंटी. मी कुठल्या तोंडाने पिऊ?"

"तुला नाही देत," आंटी शांतपणे म्हणाल्या. "अनयाची आहे. तिने काही लिहिलं नव्हतं."