निळ्या कापडातली नाती

कुटुंबासह बागेत एक फेरी मारली की संसारातल्या कुरबुरी मिटतात, असं फोलारीनचं ठाम मत होतं; अशी फेरी त्याने कधी मारली नव्हती. “माझ्या माहेरचं एकही माणूस तुम्हाला ओळखू येत नाही!” काल बायको कडाडली, म्हणून आज लेक सिमीसह तिघं इकेजाच्या बागेत आले. तिघांच्याही अंगावर बाजारात उरलेल्या, स्वस्तात मिळालेल्या निळ्या कापडाचे कपडे होते. वळणावरच्या मांडवात सगळे त्याच कापडात नाचत होते. सोहळ्याला नातलगांनी एकच कापड घालायचं, ही तिथली रीतच. “किती उशीर रे!” म्हणत एका आजीबाईंनी त्यांना आत ओढलं. या सासुरवाडीच्याच, पण कोण? गोंधळलेल्या फोलारीनने साष्टांग नमस्कार घातला; बायकोनेही गुडघे टेकले. जेवून परतताना तो म्हणाला, “तुझी मावशी मायाळू आहे.” “माझी? सिमीचे बाबा, मी त्यांना तुमची आत्या समजले!” आजीबाई दोघांच्याही कोणी नव्हत्या.