रेमिहिओच्या वाट्याचं तोंड

"सगळ्यांच्या तुकड्यांवर रंगाचे आकडे आहेत. माझ्याच का नाहीत?" रेमिहिओने दारातच विचारलं.

"तुमचा तुम्ही मनाने रंगवा, शेजारी," उबेरलिंदाबाई म्हणाली आणि वाल्पराइसो शहरातली ती उभी चढण उतरून पसारही झाली.

रेमिहिओने तिने दिलेलं कापड पसरलं. वर नाकाचं टोक, खाली हनुवटी, मधे कोरं.

टेकडीवरच्या प्रत्येक घराला चित्राचा एकेक तुकडा मिळाला होता. घरी आकड्यांप्रमाणे रंगवायचा, मग सगळे एका भिंतीवर चिकटवायचे. भिंत रेमिहिओच्या घराची. चित्र कुणाचं, ते फक्त उबेरलिंदाच्या कमिटीला ठाऊक.

"स्वतःचंच थोबाड काढलंय तिने," तो बायकोला म्हणाला. "मरेपर्यंत माझ्याच भिंतीवरून माझ्यावर डोळे वटारणार."

ओतिलिया वस्तीच्या सामायिक चुलीसाठी कांदे चिरत होती. "असेल," ती मान वर न करता म्हणाली.

साखर मागायच्या निमित्ताने तो शेजारच्या नोल्बेर्तोकडे डोकावला. टेबलावर एक हात वाळत पडला होता, हातात पळी.

"कुणाचा रे हा हात?"

"आकडे बघून रंग भरले, शेजारी. हातावर नाव नव्हतं."

पलीकडच्या घरात पिकलेली वेणी वाळत होती. चुलीपुढे रोज पळी घेऊन मिरवते कोण? उबेरलिंदा. वेणी पिकलीय कुणाची? उबेरलिंदाची. संशयाला जागाच उरली नाही.

मनाने रंगवा म्हणाली ना? रेमिहिओने तोंड वाकडं काढलं, जीभ बाहेर लोंबवली, चार दात दिले, त्यातले तीन किडके. वाळल्यावर गुंडाळी पलंगाखाली सरकवली.

रविवारी सगळी वस्ती जमली. भिंतीवर ताडपत्री होती. शेवटचा तुकडा घरमालकाने लावायचा, अशी रीत. रेमिहिओ शिडी चढून ताडपत्रीखाली शिरला. नाक भिंतीला टेकलेलं; दिसत होता तो फक्त गाल, ट्रकच्या चाकाएवढा. त्याने खळ फासली, तोंड बसवलं, वरून हात फिरवला. खालून कुणीतरी दोरी ओढली, ताडपत्री खाली आली.

सगळे गप्प झाले. लागली मिरची, रेमिहिओ मनात म्हणाला. सावकाश उतरला, चार पावलं मागे सरला आणि मान वर केली.

भिंतीवरून ओतिलिया त्याला जीभ दाखवत होती.

उबेरलिंदा शेजारी येऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं आमच्यासाठी हंडा ढवळतेय, पण तिला हसताना कुणीच पाहिलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणून तोंड तुम्हाला दिलं. म्हटलं, घरी तरी हसत असेल."