न्याय मागायचा डायलॉग

आमच्या पुतणीने, देवयानीने, सुपरहीरोवर फॅन फिल्म बनवायला घेतली. जन्मभर हीरोच्या मागे धावलेला साइडकिक रिटायर झाल्यावर त्याच हीरोच्या दारात जाऊन न्याय मागतो, अशी गोष्ट. साइडकिक मी. आणि रुबाबदार हीरो हवा म्हणून तिने सुदामा नगरातल्याच मोघेसाहेबांना गाठलं. एकतीस वर्षं मी ऑफिसात यांचाच असिस्टंट होतो. त्यांची झाडून सगळी भाषणं मी लिहिली, आणि एकाही भाषणात माझं नाव आलं नाही.

म्हणून न्याय मागायचा डायलॉग मी स्वतः लिहिला. चार रात्री जागून, दोन पानं. एकदाचं त्यांच्या तोंडावर बोलायचंच होतं.

शूटिंगला साहेब लाल केप लावून आले. "काय लिहिलंय, बघू जरा," म्हणाले. मी सवयीने कागद पुढे केला, वर त्यांचा चष्माही पुसून दिला.

"वा! बात में दम है," साहेब म्हणाले. "पण तुमच्या आवाजात हे उठणार नाही हो. असं करू, तुमच्यातर्फे मीच बोलतो."

देवयानी माझ्या कानाशी आली. "काका, नाही म्हणा ना! तुमचाच तर सीन आहे!"

"अगं, राहू दे," मी म्हणालो. "साहेबांना छान जमतं ते."

 

तयार फिल्ममध्ये माझ्यावर झालेला अन्याय साहेबांनी चांगली चार मिनिटं मांडला, आणि हॉलमध्ये पहिली टाळी मी वाजवली.